तळ्याच्या पट्टीची याद

हिगाशी-कसाई स्थानकाजवळ, रेल्वेच्या उंच पुलाखालच्या दुकानांच्या रांगेत, इनोउए-सान यांचे छपाईचे दुकान होते. भेटपत्रे, शाळेची पत्रके, उपाहारगृहांची मेनूकार्डे, ‘इथे सायकली लावू नयेत’ अशा पाट्या, एवढाच त्याचा पसारा. २००४ च्या ऑक्टोबरपासून उत्तरा तिथे आरुबाइतो करू लागली. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकांना अशा अर्धवेळ कामासाठी वेगळी परवानगी काढावी लागे. उत्तराने ती स्वतः रांगेत उभी राहून काढली होती. नवरा सुशांत टोकियोतल्या एका बँकेची संगणकप्रणाली सांभाळणाऱ्या कंपनीत होता. मुलगी कस्तुरी आठ वर्षांची, जपानी शाळेत जाणारी आणि मराठीत विचारलेल्या प्रश्नाला जपानीत उत्तर देणारी.

दुकानात उत्तराकडे लॅमिनेशनचे यंत्र होते. कागद प्लास्टिकच्या दोन पातळ पानांमध्ये ठेवायचा, कडा सारख्या जुळवायच्या आणि तापलेल्या रुळांमधून सरकवायचा. घाई केली तर हवेचे बुडबुडे राहतात, रेंगाळले तर प्लास्टिक लाटेसारखे उठते. उत्तराच्या हातून दोन्ही होत नसे. इनोउए-सान फारसे बोलत नसत, पण एकदा एका सुशी-घराचा मालक मेनूकार्ड न्यायला आला तेव्हा ते त्याला म्हणाले, “हे उत्तारा-सानचं काम आहे. पन्नास वर्षं पुसत राहा.” एवढी शाबासकी तिला त्या देशात पहिल्यांदाच मिळाली होती. तिने ती घरी येऊन सांगितली. सुशांत म्हणाला, “एम.ए. विथ लॅमिनेशन.” ती हसली, पण वाक्य तिच्या मनात राहून गेले.

उत्तराचे माहेर मौजे हिवरतळच्या सरदेशमुखांचे. घराण्याला मोठी सनद होती असे घरात सांगत. ती सनद कुणी पाहिलेली नव्हती. तलवारीच्या कथा होत्या, तलवार नव्हती. कागदांचे सोळा रुमाल मात्र खरोखर होते आणि ते उलगडून बसले की वेगळेच काही दिसे. त्यांत पुरुषांची नावे मोठ्या अक्षरांत येत, पण तक्रार करणारी, हद्दीवर माणूस पाठवणारी, महजराला, म्हणजे गावासमोरच्या निवाड्याला, हजर राहणारी बहुतेक वेळा घरातली एखादी विधवा असे. पुरुष मोहिमेवर गेलेले, दरबारात अडकलेले, नाहीतर लवकर मेलेले. बांधाचे भांडण त्यांच्यासाठी थांबत नसे. या बायका सही करीत नसत. नाव दुसऱ्याने लिहायचे आणि त्यापुढे बाईने बोरूने एक वाटोळे काढायचे: निशाणी बांगडी. कुणब्याची निशाणी नांगर, वाण्याची तागडी, तशी बाईची बांगडी. मोडी वाचायला उत्तराला आईने शिकवले ते याच कागदांवर.

आई म्हणजे दमयंतीबाई. बेचाळिसाव्या वर्षी, १९८३ मध्ये, त्यांचे यजमान गेले. पदरात एकटी उत्तरा. धाकटे दीर चंद्रहास यांनी दीड वर्ष वाट पाहिली आणि मग तलाठ्याकडे नोंद घालून सगळी जमीन एकत्र कुटुंबाची आणि आपण तिचे कर्ते, असे सात-बारावर आणले. त्यात तळ्याची पट्टीही होती: अकरा एकर, एक विहीर आणि चाळीस आंबे. यजमानांच्या हयातीत ती त्यांच्याच वहिवाटीला होती, कारण सासऱ्यांनी दोघा मुलांना तोंडी वाटप करून दिले होते. पट्टी थोरल्याला, माळ आणि घराचा मोठा भाग धाकट्याला. दमयंतीबाईंनी १९८६ साली दावा लावला. पट्टी आपल्या एकटीची आहे असे ठरवून मिळावे, एवढेच मागणे. तूर्तातूर्त मनाई हुकूम मिळाला, त्यामुळे ताबा त्यांच्याकडे राहिला. त्यानंतरची वीस वर्षे त्या मोजणीच्या साखळीमागून चालल्या, पाण्याच्या पाळ्या लावल्या, आंबा उतरवणाऱ्यांशी हुज्जत घातली आणि दर तारखेला कापडी पिशवी घेऊन तालुक्याच्या न्यायालयात बाकावर बसल्या. १९९५ साली दावा फेटाळला गेला. न्यायालयाचे म्हणणे असे की वाटप झाल्याचा लेखी पुरावा नाही. त्यांनी वरच्या न्यायालयात अपील केले आणि मनाई चालू राहिली.

पुरावा सापडला १९९९ साली, सोवळ्याच्या पेटीच्या तळाशी. सासऱ्यांच्या हातची मोडीतली एक याद, १९५६ सालची. ‘पूर्वी तोंडी वाटप करून दिल्हे ते आठवणीस राहावे म्हणून’ असे तिच्या सुरुवातीला होते. खाली दोघा मुलांच्या सह्या आणि साक्षीला सासऱ्यांची आई, गीताबाई: निशाणी बांगडी.

त्या यादीच्या जोरावर वरच्या न्यायालयाने २००१ मध्ये दावा पुन्हा खाली पाठवला. याद खरी की बनावट, एवढ्या एका मुद्द्यावर अकरा एकर येऊन थांबले. चंद्रहास यांनी आपली सही नाकारली. त्यांच्या वकिलांनी आणखी एक बोट ठेवले आणि ते वावगे नव्हते: १९५६ साली निरक्षर बाई अंगठा उठवी, बांगडी काढण्याची चाल तोवर कधीच मोडली होती. जुने रुमाल पाहून कुणीतरी अलीकडे हे चित्र काढले आहे, असा त्यांचा आरोप. ‘कुणीतरी’ म्हणजे कोण हे सांगण्याची गरज नव्हती. तालुक्यात मोडी लिहू शकणारी बाई एकच होती.

दमयंतीबाई यावर एवढेच सांगत, “आजेसासूबाई म्हणायच्या, अंगठा फौजदार घेतो. आपल्या घरातल्या बायका बांगडी काढतात.”

२००५ च्या एप्रिलमध्ये त्या लेकीकडे तीन महिन्यांसाठी आल्या. विमानतळावर उतरल्या त्या काठापदराच्या साडीवर सुशांतचे जुने जॅकेट चढवून, आणि खांद्याला तीच कापडी पिशवी. घरी पोचल्यावर चहाच्याही आधी त्यांनी पिशवीतून पुठ्ठ्यात बांधलेली याद काढली.

“अस्सल आणलीस?” उत्तराला धक्काच बसला. “आई, ही न्यायालयात नको का?”

“नक्कल आहे तिथं. अस्सल मागतील तेव्हा हजर करायची. मी इकडं तीन महिने, आणि घराची दुसरी बाजू चंद्रहासभाऊजींची. मधल्या दाराला कडी आहे ती आमच्या बाजूनं, पण कौलं दोघांची एकच.”

“न्यायालयात जमा करायची होतीस.”

“तिथल्या दप्तरखान्यात उंदीर आहेत. काही चार पायांचे आहेत,” दमयंतीबाई म्हणाल्या आणि चहा ओढून घेतला.

जपान पाहायला आलेल्या इतर आया बागा आणि देवळे पाहत. दमयंतीबाईंनी पहिल्याच आठवड्यात वेगळीच गोष्ट हेरली. फुटपाथच्या कडेला, दोन घरांच्या मध्ये, जमिनीत बसवलेल्या लहानशा पितळी पट्टीवर बाण कोरलेला होता. त्या तिथे उकिडव्या बसल्या.

“हे काय गं?”

“हद्दीची खूण. या बाणापर्यंत याची जागा, पलीकडे त्याची.”

“आणि कुणी हलवत नाही?”

“नाही.”

“रात्रीतून?”

“आई, नाही हलवत कुणी.”

त्या बराच वेळ त्या पट्टीकडे पाहत राहिल्या. त्यानंतर रोज फिरायला गेल्या की अशा खुणा मोजत. कस्तुरीलाही नाद लागला. आजी आणि नात फुटपाथ न्याहाळत चालत. एकीला जपानी येत नव्हते, दुसरी मराठी टाळत होती, आणि मोजणी बिनबोभाट चाले.

जूनच्या अखेरीस परत जाताना त्यांनी याद नेली नाही. “इथं दाराला कुलूप नसलं तरी चालतं म्हणतेस. मग राहू दे तुझ्याकडंच. मागतील तेव्हा पाठव.”

ती त्या देशातली पावसाळी हवा. भिंतींना दमटपणा येई, कपाटात ठेवलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी चढे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात उत्तराने पुठ्ठा उघडला तेव्हा यादीच्या घडीवर करडा ठिपका दिसला. एकोणपन्नास वर्षे सोवळ्याच्या पेटीत सुखरूप राहिलेला कागद तिच्या दोन खोल्यांच्या घरात तीनच महिन्यांत कुजू लागला होता. तिने तो रेशमी कापडाने अलगद पुसला, दुसऱ्या दिवशी दुकानात नेला आणि दुपारी गिऱ्हाईक नसताना यंत्र तापवले. सर्वात जाड प्लास्टिक घेतले. कडा तीनदा जुळवल्या. कागद रुळांखालून पलीकडे आला तेव्हा त्यात एकही बुडबुडा नव्हता. उलट अक्षर अधिक काळे, अधिक ठसठशीत दिसत होते, आणि गीताबाईंची बांगडी पाण्याखालच्या खड्यासारखी स्वच्छ. तिने आपल्या शाळेच्या आणि विद्यापीठाच्या प्रमाणपत्रांचेही असेच केले होते. पुण्यात असताना प्रत्येकजण करी. त्या दिवशी तिला आपण माहेरासाठी पहिल्यांदाच काही हाताने केले असे वाटले. आईला तिने फोनवर सांगितले, “काळजी करू नकोस, कागदाला आता पाणीसुद्धा लागणार नाही.” आई म्हणाली, “बरं झालं.” कसे, ते आईने विचारले नाही.

ऑक्टोबरच्या एका दुपारी वकिलांचा फोन आला. प्रल्हाद वकील दमयंतीबाईंचा दावा वडिलांकडून वारशाने मिळाल्यासारखा चालवत होते. त्यांच्या वडिलांनी तो लावला होता.

“ताई, प्रतिवादीचा अर्ज मंजूर झाला,” ते म्हणाले. “अस्सल याद सरकारी दस्तऐवज परीक्षकाकडे जाणार. शाई आणि कागद किती जुने आहेत ते तपासतील. आपल्यासाठी ही चांगली गोष्ट आहे. त्यांनीच खड्डा खणलाय. चौदा डिसेंबरच्या आत अस्सल हजर करायची.”

“पाठवते,” उत्तरा म्हणाली. “अगदी उत्तम स्थितीत आहे. मी लॅमिनेट करून ठेवली आहे.”

तिला वाटले लाइन तुटली.

“हॅलो? वकीलसाहेब?”

“आहे, आहे. ताई, लॅमिनेट म्हणजे... मशीनमधून काढून? गरम?”

“हो.”

“नक्कल ना? झेरॉक्स?”

“अस्सल.”

प्रल्हाद वकिलांनी खुर्ची सरकवल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. मग ते फार हळू, लहान मुलाला सांगावे तसे बोलू लागले. शाई तपासायची तर सुईच्या अग्राएवढी शाई काढावी लागते. कागद तपासायचा तर त्याचा धागा मोकळा लागतो. दोन्ही आता प्लास्टिकमध्ये वितळून बसले होते. “आणि ताई, समोरचे वकील काय म्हणतील ते मी आत्ताच सांगतो. म्हणतील, तपासणीच्या भीतीनं बंद केली.”

“पण मी जुलैमध्ये केली. अर्ज ऑक्टोबरात मंजूर झाला.”

“अर्ज मार्चमध्ये दिलेला होता,” वकील म्हणाले. “बाईसाहेब तिकडं यायच्या आधी. त्यांना मी सांगितलं होतं. त्यांच्या लक्षात होतं की नाही, देव जाणे.”

दुसऱ्या दिवशी कामावर उत्तराने इनोउए-सान यांना सगळे सांगितले. तिचे जपानी अशा गोष्टीला पुरे पडत नव्हते. तिने कागदच समोर ठेवला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, उजेडाकडे धरला आणि कडा पाहिल्या. काम निर्दोष होते हे त्यांनाच सर्वात आधी कळले असणार. मग ते उठले आणि कमरेत वाकून तिची क्षमा मागू लागले. यंत्र त्यांचे होते, काम त्यांनी शिकवले होते, असे त्यांचे म्हणणे. उत्तराला ते पाहवेना.

त्यांच्याच ओळखीने ती शनिवारी हायाशी-सान यांच्याकडे गेली. जुन्या चित्रांचे, पोथ्यांचे कागद पूर्ववत करणे हा त्या बाईंच्या घरचा तिसऱ्या पिढीचा धंदा. जमिनीवर चटया, भिंतीला घोड्याच्या केसांचे कुंचले टांगलेले, कुठेही वास नाही. हायाशी-सान यांनी भिंग लावून पाऊण तास कागद पाहिला आणि मधेच विचारले, “खाली हे वाटोळं काय आहे?”

“सही. एका बाईची.”

“हांको?” नावाच्या शिक्क्याला तिथे हांको म्हणतात, त्यावाचून घर घेता येत नाही, खाते उघडता येत नाही.

“तसंच. पण हाताने काढलेला.”

हायाशी-सान यांनी मान हलवली, जणू यात समजण्यासारखे काही अवघड नव्हते. तालुक्याच्या न्यायालयात वर्षानुवर्षे पटवता न आलेली गोष्ट तिथे एका वाक्यात पटली होती, आणि तिचा काही उपयोग नव्हता. त्या पुढे म्हणाल्या ते असे: प्लास्टिक काढता येईल. आठ-दहा महिने लागतील. कागद बहुधा वाचेल. शाईचा थर मात्र गोंदाबरोबर काही ठिकाणी निघून येईल. कुठे, ते आधी सांगता येणार नाही. आणि ज्या द्रवात तो भिजवावा लागेल त्यानंतर त्याचे वय कुणीही विचारू नये. “वाचायला उरेल,” त्या म्हणाल्या. “तपासायला नाही. कुणी केलं हे?”

“मी,” उत्तरा म्हणाली.

हायाशी-सान यांनी कागद पुठ्ठ्यात घालून परत दिला आणि चहा आणायला उठल्या.

नोव्हेंबरात उत्तराने प्रतिज्ञापत्र तयार केले. याद आपल्याकडे कधी आली, कोणत्या तारखेला, कोणत्या यंत्रातून, कोणत्या अज्ञानापोटी ती बंद केली, हे सगळे मुद्देसूद. पावसाळी बुरशीचा उल्लेख केला. यंत्राचे तापमान लिहिले. इनोउए-सान यांनी आपला शिक्का उठवलेले पत्र सोबत दिले. दूतावासात तिने अधिकाऱ्यासमोर सही केली, मोहोर घेतली. प्रल्हाद वकिलांनी फोनवर मसुदा ऐकून सांगितले होते, “दहात एक भाग आशा आहे. न्यायाधीशांना निदान हे कळेल की फसवायचा हेतू नव्हता. पण हे दुधारी आहे. याद परदेशात, लाभधारक मुलीच्या ताब्यात होती, हे आपणच कबूल करतो. आणि तुम्हाला उलटतपासणीला यावं लागेल.”

“येईन.”

डिसेंबरात सुशांतला कामासाठी पुण्याला जायचे होते. त्याने याद आणि प्रतिज्ञापत्र दोन्ही नेले आणि वकिलांच्या हातात दिले. परत आला तेव्हा उत्तराने विचारले, “आई काय म्हणाली?”

“काही नाही. कागद उजेडात धरून बघितला. म्हणाल्या, छान केलंय काम.” त्याने बॅग खाली ठेवली. “टोमणा नव्हता. मलाही आधी तसंच वाटलं, म्हणून त्यांच्याकडं नीट बघितलं. खरंच तसं म्हणाल्या त्या.”

फेब्रुवारीत याद परीक्षकाकडून परत आली. अहवाल साडेतीन ओळींचा होता. दस्तऐवज प्लास्टिकच्या आवरणात उष्णतेने बंद केलेला असल्याने शाई व कागद यांची परीक्षा करणे शक्य नाही, सबब परत. मार्चमध्ये दमयंतीबाईंना पुन्हा साक्षीला बोलावले गेले. उत्तराने तिकिटाची चौकशी केली, परत येण्याच्या परवान्याचा शिक्का पासपोर्टवर मारून घेतला. आईने फोनवर सांगितले, “तू यायचं नाहीस.”

“आई, माझं प्रतिज्ञापत्र दाखल झालं की मला यावंच लागेल.”

“दाखल झालं की ना,” दमयंतीबाई म्हणाल्या आणि कस्तुरीला फोनवर बोलावले. “काय गं, खुणा मोजतेस का अजून?”

“दाइजोबु,” कस्तुरी म्हणाली. सगळे ठीक आहे.

आठ दिवसांनी वकिलांचा फोन आला. साक्ष झाली होती. ते काही सांगायला कचरत होते. “ताई, साक्षीच्या दिवशी सकाळी बाईसाहेब ऑफिसात आल्या. तुमचं प्रतिज्ञापत्र मागितलं. मी टेबलावर ठेवलं तर उचलून पिशवीत घातलं. म्हणाल्या, हे रेकॉर्डला जाणार नाही. मी हात जोडले. पक्षकार त्या आहेत, मी काय करणार?”

“मग साक्षीत काय सांगितलं?”

“तुम्ही नक्कल वाचा. पाठवतो.”

साक्षीची प्रमाणित नक्कल एप्रिलच्या मध्याला टपालाने आली. उत्तराने ती स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्या उभ्या वाचली. न्यायालयातली मराठी सर्वांना एकच आवाज देते. त्या आवाजात तिची आई बोलत होती. ‘मी सदर याद माझ्या हाताने प्लास्टिकमध्ये बंद करून घेतली. कोणत्या दुकानात ते आज सांगता येणार नाही. माझ्या वकिलांना मी तसे विचारले नव्हते. तपासणीचा अर्ज झाल्याचे मला माहीत होते. हे म्हणणे खरे नाही की, याद बनावट असल्याने ती तपासता येऊ नये म्हणून मी तसे केले. हे म्हणणे खरे नाही की, सदर याद माझ्या मुलीकडे परदेशात होती.’

खाली सही. दमयंतीबाई सही करू शकत; चांगली वळणदार सही होती त्यांची.

शेवटचे वाक्य उत्तराने पुन्हा वाचले. वीस वर्षांच्या साक्षी, अर्ज, प्रतिज्ञापत्रे तिने आईला लिहून दिली होती, तपासून दिली होती. एका विहिरीची खोली दोन हातांनी चुकली म्हणून आईने अर्ज परत लिहायला लावला होता. त्या सगळ्या बाडात शपथेवर सांगितलेले धडधडीत खोटे या एकाच साक्षीत होते, आणि ते तिच्यासाठी होते.

तिने लगेच फोन लावला. तिथे सकाळचे अकरा वाजले असावेत. मागे पंपाचे इंजिन चालू होते.

“का खोटं बोललीस?”

“कशाबद्दल?”

“आई.”

इंजिनाचा आवाज लांब गेला. दमयंतीबाई बांधावरून चालत पुढे आल्या असाव्यात. “समोरचा वकील कसा आहे ते तू पाहिलेलं नाहीस. तुला पिंजऱ्यात उभं केलं असतं आणि विचारलं असतं, मोडी कुणी शिकवलं, बांगडी काढता येते का, काढून दाखवा. तुला येते. मग?”

“मग काय? खरं सांगितलं असतं.”

“खऱ्याचं काय होतं ते मी वीस वर्षं बघतेय. तुझं नाव निकालपत्रात आलं असतं. ‘वादीच्या मुलीने कागदात फेरफार केला.’ कागदावर एकदा नाव चढलं की उतरत नाही, उत्तरा. उद्या कस्तुरीनं काढून वाचलं असतं. माझं नाव आहेच चढलेलं, त्यात एक ओळ वाढली.”

“आपण हरू.”

“हो,” दमयंतीबाई म्हणाल्या. “ते तर ऑक्टोबरातच कळलं होतं.”

निकाल जूनच्या शेवटच्या आठवड्यात लागला. वादीने स्वतःच्या कृतीने दस्तऐवज परीक्षेस अयोग्य केला, अर्जाची माहिती असताना केला, सबब तिच्याविरुद्ध अनुमान काढणे भाग आहे. १९५६ साली बांगडीची निशाणी संभवत नाही. दावा खर्चासह रद्द, तूर्तातूर्त मनाई उठली. एकोणतीस पानांच्या निकालात उत्तराचे नाव फक्त एकदा, वंशावळीत आले होते.

अपिलाला तीस दिवस होते. प्रल्हाद वकिलांनी सगळ्या वाटा सांगितल्या, कारण ते प्रामाणिक होते. अपील करायचे तर नवे काही हवे, आणि नवे फक्त उत्तराचे प्रतिज्ञापत्र होते. ते आता नव्याने करून दाखल केले तर पहिला परिणाम असा होईल की दमयंतीबाई शपथेवर खोटे बोलल्या हे त्यांच्याच मुलीच्या सहीने सिद्ध होईल. समोरचे वकील ती संधी सोडणार नाहीत. दुसरी वाट, एकत्र कुटुंबाची मिळकत म्हणून अर्ध्या हिश्श्यासाठी वाटपाचा नवा दावा. तो टिकेल. “किती वर्षं?” उत्तराने विचारले. वकील म्हणाले, “बाईसाहेबांचं वय काय आता?”

एकोणतीस दिवस तिने दोन्ही बाजूंनी विचार केला. खरे सांगितले तर आई खोटी ठरते. गप्प राहिले तर याद खोटी ठरते, आणि याद लिहिणारे आजोबा, आणि साक्षीला बसलेल्या गीताबाई. सुशांतला तिने एकदा हे समजावून सांगायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, “यातून बाहेर पडायला कुठंतरी वाट असेलच.” मग त्याने कागदावर चौकोन आणि बाण काढून पाहिले, त्याच्या कामात काढतात तसे. प्रत्येक बाण परत पहिल्या चौकोनाशी येत होता. त्याने कागद घडी करून खिशात घातला.

तिसाव्या दिवशी दुपारी चार वाजता तिने स्वतःच आईला फोन केला. इकडच्या चारला तिकडे साडेबारा. न्यायालय अजून पाच तास उघडे होते. दमयंतीबाई घरी होत्या.

“सकाळी चंद्रहासभाऊजींकडं जाऊन आले,” त्या म्हणाल्या. “विहिरीच्या इंजिनघराची किल्ली देऊन आले. मधल्या दारानं गेले, उगाच रस्त्यावरून कशाला? बसा म्हणाले. अरुणानं चहा केला.”

अरुणा ही चंद्रहास यांची सून.

“तू प्यालीस?”

“प्याले की. साखर जास्त घालते ती.” दमयंतीबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. “म्हणाले, वहिनी, याद खरी होती. सही माझीच होती. आता काय लपवायचं, म्हणाले. वडिलांनी कागद लिहिला तेव्हा मी तिथंच होतो.”

“असं म्हणाले? कुणासमोर? अरुणावहिनी होत्या का तिथं? आई, ते लिहून देतील का? आज शेवटचा दिवस आहे, अजून पाच तास आहेत, वकिलांना फोन कर, दोन ओळी जरी—”

“उत्तरा.”

“दोन ओळी, आई.”

“चहा पिता पिता बोलले ते. जिंकलेला माणूस बोलतो तसं. लिहून देण्यासाठी नाही बोलले.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवाही नव्हता. “मी म्हटलं, मलाही ठाऊक होतं. कप धुवायला ठेवला आणि आले.”

उत्तराने विचारले, “आता?”

“आता काय? कडी लावली. उद्या जाऊन आंब्यांना शेवटचं पाणी घालून येणार होते, पण किल्ली दिली नाही का? राहू दे. यंदा पाऊस लांबलाय, येईल तेव्हा येईल.” मग त्यांनी कस्तुरीच्या सुट्ट्या कधी लागतात ते विचारले. उत्तराने तारीख सांगितली. आईने ती दोनदा म्हणून घेतली, लिहून घेतल्यासारखी, आणि फोन ठेवला.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार झाले होते. उत्तराने प्रल्हाद वकिलांचा नंबर लावला. घंटा वाजू लागली. तिसऱ्या घंटेला तिने फोन ठेवून दिला.